आधी नेम, मग शोध

देवाचा शोध म्हटला की मराठी वाचकाच्या मनात बहुधा एकटा माणूस उभा राहतो. भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसलेला, संसाराला विटलेला, देवाला प्रत्यक्ष भेट म्हणून हाक मारणारा. ज्यू परंपरेत असे एकांडे साधक झालेच नाहीत असे नाही, पण तिची मूळ बांधणी वेगळी आहे. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा जाणती माणसे लागतात. मेलेल्यांसाठी म्हणायचे कद्दिश त्या दहांवाचून म्हणता येत नाही. काय खायचे, आठवड्यातून कुठल्या दिवशी हातातले काम खाली ठेवायचे, वर्षातून केव्हा आंबवलेले पीठ घराबाहेर काढायचे, हे सगळे ठरलेले. त्यामुळे या विषयाकडे नव्याने वळणारा वाचक पहिल्याच टप्प्यावर अडखळतो आणि विचारतो, की हा झाला आचार, यात अध्यात्म कुठे आहे? प्रस्तुत लेखसंग्रह या एका प्रश्नाभोवती रचला आहे. आमचे म्हणणे असे, की ज्यू ईश्वरशोध नेम टाकून सुरू होत नाही. नेमाच्या आत राहून, त्याच्याशी वाद घालत, कधी त्याला मोडून पुन्हा बांधत तो चालतो. गेल्या दीडशे वर्षांत ज्यांनी नेम बाजूला सारून नुसता देव किंवा नुसती नीती शोधून पाहिली, त्यांच्यातले पुष्कळ जण फिरून त्याच वाटेवर आले. या म्हणण्याचा उत्तम पुरावा न्यूयॉर्क किंवा जेरुसलेमइतकाच अलिबागच्या आसपासही सापडतो, आणि तो मराठीत आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाची परंपरागत कथा अशी, की कोकण किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि नवगावला राहिल्या. हे कधी घडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि त्या काळचा लेखी पुरावाही नाही. मात्र अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी त्यांचा नीट संपर्क आला तेव्हाचे चित्र बरेच स्पष्ट आहे. त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ नव्हते, राब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते, तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हता. तत्त्वज्ञान तर नव्हतेच. जवळ होते ते एवढेच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, शेमा या प्रार्थनेचे मोजके हिब्रू शब्द, आणि शनिवारी बंद असलेला तेलाचा घाणा. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले शनवार तेली. एखादा समाज जे काम करतो त्यावरून ओळखला जावा ही आपल्याकडची रीत; हा समाज एका दिवशी जे काम करत नव्हता त्यावरूनही ओळखला गेला. सणांची नावेही कोकणी मातीतली होती. नववर्षाला नव्याचा सण, उपासाने आणि बंद दाराआड पाळायच्या योम किप्पूरला दारफळणीचा सण, आंबवणाचे मडके झाकून ठेवायचा तो अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस तो बिरड्याचा सण. मंदिर कुठले, कोणी पाडले, हे सांगणारे पुस्तक घरात नव्हते. वालाचे बिरडे मात्र वर्षाच्या वर्षाला शिजत होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. ही सवय झाली. सवयीला शोध कसे म्हणायचे? घाणा बंद ठेवणाऱ्याला देवाविषयी काही प्रश्न पडत होता याचा पुरावा काय? त्या काळापुरता पुरावा नाही, हे सरळ मान्य करायला हवे. पण सवय ही शोधाची विरोधक असती, तर पुस्तके हाती आल्यावर या लोकांनी एक तर सवय सोडली असती किंवा पुस्तके. घडले तिसरेच. १८१३ साली अमेरिकन मिशनचे पहिले पाद्री मुंबईत उतरले, त्यांच्यामागून जॉन विल्सनसारखे स्कॉटिश मिशनरी आले. बायबलचे भाग मराठीत छापले गेले, शाळा निघाल्या, विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण दिले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी शाळेत नाव घातले, हिब्रू शिकून घेतले, आपल्या पूर्वजांच्या कथा मराठीत वाचल्या, आणि फार थोडे अपवाद सोडता ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या इतिहासातला हा मोठाच विनोद म्हणावा लागेल. धर्मांतरासाठी आलेल्या माणसांनी कोकणातल्या ज्यूंना अधिक जाणते ज्यू करून ठेवले.

पुढच्या सहा-सात दशकांतली खटपट पाहिली की सवयीचा आक्षेप ढिला पडतो. १८४६ साली मुंबईत पेसाहच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली शाळा काढली आणि १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, जो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. आणि १८८० साली मुंबईत या समाजातल्या काही मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. हरिदासी कीर्तनाचा साचा, साकी-दिंडी-आर्या, पूर्वरंग-उत्तररंग, आणि आख्यान योसेफाचे, मोशेचे, अब्राहामाचे. कीर्तनात कथा नुसती सांगितली जात नाही, तिचे निरूपण होते. अब्राहामाने मुलाला वेदीवर का नेले याचे मराठीत समाधान करावे लागते. ज्या समाजाला प्रश्नच पडत नाहीत त्याला निरूपणकार लागत नाही. पुस्तकाआधी नेम होता, पुस्तक आल्यावर त्या नेमालाच वाचा फुटली, असा हा क्रम आहे.

दुसरा आक्षेप मलिद्याचा. गोड पोहे, खवलेले खोबरे, फळे, सुका मेवा असे ताट मांडून, हिब्रू प्रार्थना म्हणून, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला हा विधी लग्नाआधी, नवस फेडताना, बारशाला होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर उमटलेल्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आहेत अशी श्रद्धा आहे आणि लोक तिथे नवस बोलायला जातात. शुद्धतावादी अभ्यासक म्हणतात, हे पिराच्या उरुसातून आणि सत्यनारायणाच्या प्रसादातून घेतलेले, यात ज्यू काय? उसनवारी झाली असेल, नव्हे झालीच आहे. सिनेगॉगला मशीद म्हणणाऱ्या समाजाने शेजाऱ्यांकडून काही घेतले नाही असे कोण म्हणेल? पण बेरीज पाहावी. एलियाहू हा सगळ्या ज्यू जगात येणारा पाहुणा आहे: पेसाहच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. कोकणाने त्याला ताट वाढले. पोलंडमधल्या हसिदी या भक्तिमार्गी पंथाच्या लोकांनीही गावातल्या शेतकऱ्यांच्या चाली उचलून त्यांवर प्रार्थना बसवल्या, आणि त्याला आज कोणी अशुद्ध म्हणत नाही. उसने घेणे हा दोष असेल, तर तो ज्यू अध्यात्माच्या जवळजवळ प्रत्येक शाखेला लागू करावा लागेल.

त्या शाखांची ओळख नवख्या वाचकाला इथेच करून दिलेली बरी. बाराव्या शतकात मायमोनिडीसने देवाला कुठलेही मानवी गुण लावू नयेत असा बुद्धिवादी आग्रह धरला. तेराव्या शतकात स्पेनमध्ये जोहार हा गूढवादी ग्रंथ प्रकट झाला आणि सोळाव्या शतकात साफेदमध्ये आयझॅक लुरियाने त्यावर भग्न विश्वाचे आणि त्याच्या दुरुस्तीचे मोठे रूपक उभारले. अठराव्या शतकात युक्रेनमध्ये बाल शेम तोव्हने सांगितले, की अडाणी माणसाची आनंदाने केलेली प्रार्थना पंडिताच्या अभ्यासाहून उणी नाही. त्यातून हसिदी चळवळ उभी राहिली, आणि विल्नाच्या गाओनने तिच्यावर १७७२ साली बहिष्काराची मोहोर उठवली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुधारक पंथ निघाला आणि अमेरिकेत वाढला. १८८५ साली पिट्सबर्गच्या परिषदेत त्याच्या राब्बींनी खाण्यापिण्याचे आणि पोशाखाचे नियम आजच्या माणसाच्या आत्मिक उन्नतीला अडसर ठरतात असे जाहीर करून टाकले. नीती ठेवा, नेम सोडा, असा तो सौदा होता. पुढे १९९९ साली त्याच पंथाच्या राब्बींनी, त्याच पिट्सबर्गमध्ये, टाकलेल्या मिट्स्वांकडे, म्हणजे धर्माज्ञांकडे, पुन्हा वळण्याचे आवाहन करणारे निवेदन स्वीकारले. एकशे चौदा वर्षांचा हा फेरा आमच्या म्हणण्याला एखाद्या ग्रंथाहून अधिक बळ देतो.

विसाव्या शतकातले विचारवंत या एका मुद्द्यावर कसे विभागले गेले हे पाहण्यासारखे आहे. मार्टिन बूबरचे 'मी आणि तू' हे पुस्तक १९२३ साली आले. देव भेटतो तो संवादात, प्रत्यक्ष नात्यात. ठरीव नियम त्या भेटीच्या आड येतात, अशी बूबरची धारणा होती आणि तो नेम पाळत नसे. त्याचा जिवलग सहकारी फ्रान्झ रोझेनत्स्वाइग ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावरून १९१३ साली मागे फिरलेला. त्याने त्याच १९२३ साली बूबरला उद्देशून निबंध लिहिला, की शिकवणुकीला तू मोकळेपणा देतोस, मग नियमालाच का नाकारतोस? जे आज करता येत नाही ते नाकारू नये, 'अजून जमलेले नाही' एवढेच म्हणावे, असा त्याचा पवित्रा होता. आमची सहानुभूती रोझेनत्स्वाइगच्या बाजूला आहे हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत मॉर्डकाय कॅप्लानने १९३४ साली तर चमत्कारी, व्यक्तिरूप देवच बाजूला ठेवला; ज्यू धर्म ही एक संस्कृती आहे आणि देव हे माणसाला सावरणाऱ्या शक्तीचे नाव आहे असे मांडले. तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सण त्याने सोडले नाहीत. देवाविषयी शंका, नेमाविषयी नाही, ही मांडणी आपल्याला उफराटी वाटते. ज्यू जगात ती नवलाची नाही. आणि अब्राहम जोशुआ हेशेल, वॉर्सात जन्मलेला, १९४० साली अमेरिकेला पोहोचलेला, ज्याची आई आणि बहिणी नाझींच्या काळात मारल्या गेल्या. १९५१ साली त्याने शब्बाथवर छोटेखानी पुस्तक लिहिले. इतर धर्म जागा पवित्र करतात, ज्यू धर्म वेळ पवित्र करतो, हा त्याचा गाभा. माणसाने श्रद्धेची उडी घेण्याआधी कृतीची उडी घ्यावी, असे तो पुढे १९५५ साली म्हणाला. नागाव-किहीमच्या तेल्यांनी हेशेल वाचला नव्हता, पण हेशेलचे पुस्तक त्यांना लागू पडते, आणि बूबरचे पडत नाही. सनातनी बाजूने जोसेफ सोलोवेचिकने १९४४ आणि १९६५ साली दाखवले, की नियम पाळणारा माणूस यंत्र नसतो, तो एकाकीही असू शकतो आणि त्या एकाकीपणातून देवाशी बोलू शकतो.

सगळ्यात कठीण आक्षेप मात्र पंडितांचा नाही, इतिहासाचा आहे. नाझींच्या हातून साठ लाख ज्यू माणसे मारली गेली तेव्हा हा नेम आणि हा देव कुठे होता? रिचर्ड रुबेनस्टाइनने १९६६ साली लिहिले, की आउश्वित्झनंतर इतिहास चालवणाऱ्या देवावर विश्वास ठेवणे शक्य नाही. एमिल फाकेनहाइमने उलट सांगितले, की देवावर रुसावे, पण ज्यू म्हणून संपून जाऊन हिटलरला मेल्यानंतरचा विजय देऊ नये. एली वीझेलने खटलाच भरला आणि तरी प्रार्थना सोडली नाही. इथे कोणाचेही उत्तर पुरेसे आहे असे आम्हाला वाटत नाही. नेमाचा मुद्दा इथे एवढाच उरतो, की वाद घालण्यासाठीही समोर कोणीतरी असावे लागते आणि वादाची एक जागा असावी लागते; अब्राहामापासून ईयोबापर्यंत ती जागा या परंपरेने राखून ठेवली होती. हे पुस्तक ज्या अमेरिकन गावातून निघते आहे, या प्रश्नाचा त्या अ‍ॅशबर्नशी संबंध आहे. २०१६ साली इथल्या १८९२ सालच्या कृष्णवर्णीय मुलांच्या जुन्या शाळेच्या भिंतींवर काही किशोरवयीन मुलांनी स्वस्तिके आणि वंशद्वेषी घोषणा रंगवल्या. न्यायालयाने त्यांना वाचनाची शिक्षा दिली: पस्तीस पुस्तकांच्या यादीतून महिन्याला एक असे वर्षभर वाचायचे आणि त्यावर लिहायचे. त्या यादीत वीझेलचे 'नाइट' होते आणि खाइम पोटोकच्या कादंबऱ्याही होत्या, ज्यांत हसिदी घरातली मुले नेम आणि स्वतःची वाट यांच्यात ओढली जातात. द्वेषाला उतारा म्हणून जे साहित्य निवडले गेले, त्यातले काही ज्यू माणसाच्या देवाशी चाललेल्या भांडणाचे साहित्य निघावे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९६८ साली बोस्टनजवळ हवुरात शालोम हा तरुणांचा गट स्थापन झाला. मोठी सिनेगॉग, पगारी राब्बी, गुळगुळीत प्रवचने यांना कंटाळलेली ही मंडळी जमिनीवर गोलाकार बसून प्रार्थना करू लागली, घरून आणलेले जेवण एकत्र जेवू लागली. झाल्मान शाख्तर-शालोमीच्या प्रेरणेने नूतनीकरणाची चळवळ वाढली, तिने ध्यान आणि नाच प्रार्थनेत आणले. १९९० साली ज्यू विचारवंतांचा एक गट धरमशालेला दलाई लामांना भेटला. परागंदा होऊनही धर्म कसा टिकवला, हे लामांना ज्यूंकडून जाणून घ्यायचे होते. १९७२ साली सॅली प्रीसँड अमेरिकेतल्या पाठशाळेतून राब्बी झालेली पहिली स्त्री ठरली, आणि १९९० साली ज्युडिथ प्लास्कोने विचारले, की सीनायच्या पायथ्याशी बायका होत्या की नव्हत्या. हे सगळे बंडच होते, पण बंडाने काय निर्माण केले? घरातला शब्बाथ, आपल्या भाषेतले गाणे, पुजाऱ्यावाचून विधी, एकत्र ताट. यातले बरेचसे रेवदंड्याला आणि पेणला आधीच चालू होते. कोकणाने अमेरिकेला शिकवले असा दावा आम्ही करत नाही. दोघांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते. ग्रंथ आणि संस्था मागे सरल्या की हा धर्म कुठल्या आकारात उरतो, हे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे दिसले, इतकेच. याला छेद देणारे आकडेही आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० सालच्या पाहणीत बायबलमधल्या देवावर विश्वास असल्याचे अमेरिकेतल्या सुमारे २६ टक्केच ज्यूंनी सांगितले. जवळजवळ निम्म्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी शक्तीवर किंवा चैतन्यावर विश्वास असल्याचे सांगितले. याचा अर्थ काही जण धर्म ओसरला असा लावतात. आम्हाला त्यात कॅप्लान दिसतो: व्याख्या सुटली, पण पेसाहची रात्र बहुतेकांची सुटलेली नाही.

बेने इस्राएल हे केवळ जुन्याचे जतन करणारे होते असा समज वरच्या विवेचनातून होऊ नये. १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन निघाली, पुढे भायखळ्याच्या रोदेफ शालोम सिनेगॉगच्या रूपाने तिला घर मिळाले. तिच्यामागे डॉ. जेरूशा झिराड होत्या, कामा रुग्णालयाच्या नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ, लंडनला शिकताना उदारमतवादी ज्यू विचारांच्या सहवासात आलेल्या. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे, न समजणारी प्रार्थना समजून म्हणावी, हा त्यांचा आग्रह. कवी निसीम एझिकेल याच समाजातले. आधी अश्रद्ध, मग पुन्हा देवाशी झगडणारे. १९८२ साली बायबलमधल्या स्तोत्रांना उत्तरे देणाऱ्या त्यांच्या कविता प्रसिद्ध झाल्या आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि इस्राएलमध्ये काय झाले? १९४८ नंतर हजारो मराठी ज्यू तिकडे गेले, तेव्हा शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या या लोकांना विवाहासाठी वंशावळीची तपासणी करून घ्यावी लागेल असा आदेश धर्मपीठाने १९६२ साली काढला. आंदोलन झाले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव करावा लागला. नेमाच्या बाजूने एवढे लिहिल्यावर हेही लिहिले पाहिजे, की नेम राखणाऱ्यांच्या हाती सत्ता आली की तोच नेम दुसऱ्याला दाराबाहेर ठेवायला वापरता येतो. आमच्या युक्तिवादाची ही खरीखुरी कमजोर बाजू आहे. तिच्यावर सिद्धांताने मात करता येत नाही. त्या लोकांनी रस्त्यावर बसून केली.

हे पुस्तक आता का, आणि अ‍ॅशबर्नहून का? लाउडन काउंटीत भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे, त्यांत मराठी घरे आहेत, आणि इथेच सुधारक पंथाची बेथ खावेरिम मंडळीही आहे. शेजारच्या रेस्टनच्या सिनेगॉगने मुसलमान शेजाऱ्यांना शुक्रवारच्या नमाजासाठी आपली वास्तू दिलेली आहे. इंटरनेटची प्रचंड गोदामे रात्रंदिवस चालणाऱ्या या गावात आठवड्यातून एक दिवस काम थांबवणे ही सोपी गोष्ट राहिलेली नाही, आणि परदेशातल्या मराठी घरांपुढेही तोच पेच आहे: मुलांना आधी अर्थ समजावून द्यायचा की आधी दिवा लावायला बसवायचे? गणपतीचे दहा दिवस शनिवार-रविवारात बसवणाऱ्या पिढीला या वादात तटस्थ राहता येणार नाही. ज्यू अनुभव तिला तयार उत्तर देणार नाही, कारण देवाची कल्पना दोन्ही परंपरांत सारखी नाही. आपल्या भक्तीला मीपणा विरघळावा अशी ओढ आहे. ज्यू परंपरा देव आणि माणूस यांच्यातले अंतर मिटू देत नाही, करार दोघांत असतो. ही तफावत पुसून 'सगळे धर्म एकच' म्हणणारे लेख आम्ही संग्रहात घेतले नाहीत.

इस्राएल-पॅलेस्टाइनचा राजकीय प्रश्नही इथे नाही; तो दुय्यम आहे म्हणून नव्हे, तर त्याला त्याचे स्वतंत्र पुस्तक हवे म्हणून. कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंचा उल्लेख ओझरता आहे, तो मराठी वाचक समोर ठेवल्यामुळे. लेखांचा क्रम कालानुसार न लावता मुद्दाम असा लावला आहे, की आधी शब्बाथ, ताट, शोक, गाणे यांवरचे लेख येतात आणि बूबर, हेशेल, सोलोवेचिक नंतर भेटतात. हिब्रू नावे बेने इस्राएल घरांत जशी उच्चारली जातात तशी शक्य तिथे ठेवली आहेत. ज्याला तत्त्वज्ञानापासूनच सुरुवात करायची आहे त्याने उत्तरार्ध आधी वाचावा. बूबरच्या बाजूने लिहिलेला, आमच्याशी पूर्ण असहमत असलेला लेख तिथेच पहिला लावला आहे.